बुटांच्या खोक्यातला कवड्या

पत्र, थोडक्यात: पुण्यात धनकवडीला राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत शिकते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. सर्पमित्राने ती पकडली आणि जमलेल्या मुलांना हात लावू दिला. तेव्हापासून मुलीला सापांशिवाय दुसरा विषय नाही. पत्र लिहिण्याच्या आदल्या रात्री माळा आवरताना आईला बुटांचं खोकं सापडलं. झाकणाला भोकं पाडलेली, आत पाण्याने भरलेलं बाटलीचं बूच आणि वीतभर साप, "तपकिरी, अंगावर पांढुरके पट्टे". मुलगी म्हणाली, "मीटरच्या पेटीखाली सापडला. कवड्या आहे, बिनविषारी. दोन दिवसांत सोडणार होते." सासूबाईंच्या मते मुलीच्या पत्रिकेत कालसर्प आहे, शांत करून घ्यावी. नवरा म्हणतो, त्यापेक्षा दुकानातून रीतसर बॉल पायथन आणू, पण वार्षिक परीक्षेत नव्वद टक्के पाडले तरच. आईला पालीचीही भीती वाटते. त्या विचारतात, "आमच्या घरात असलं कधीच काही नव्हतं. हे वेड हिच्यात आलं कुठून? आणि मी आता काय करू?"

प्रिय ताई,

"तपकिरी, अंगावर पांढुरके पट्टे" हे शब्द वाचले आणि पुढचं पत्र बाजूला ठेवून आधी तुम्हाला निरोप पाठवला: खोकं उघडू नका, हलवू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. साप सुखरूप गेला, आणि नेणाऱ्याने सांगितलं की तो कवड्याच होता. म्हणजे लेकीचं म्हणणं खरं निघालं. तरीही मी इतकी का घाबरले ते आधी सांगते. असं खोकं आणखी कुणाच्याही माळ्यावर असू शकतं.

बिनविषारी कवड्या आणि जहाल विषारी मण्यार यांची गल्लत भल्याभल्यांची होते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त ठळक दिसतात. पाठीच्या कण्यावरून षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक ओळ जाते. पुस्तकात हे सोपं वाटतं. माळ्यावरच्या अंधुक उजेडात, कात टाकायला आलेल्या सापावर किंवा पिल्लावर ते तसंच दिसेल याची खात्री नसते. आणि मण्यार चावली तर अनेकदा फारसं दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. माणूस झोपेत असतो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडखळू लागतो. म्हणून लेकीला शाबासकी द्यायची ती ओळखण्याची द्या, हाताळण्याची नको. तिला असं सांगा: "तू बरोबर ओळखलंस. पण दहातल्या नऊ वेळा बरोबर ओळखणाऱ्यालासुद्धा हात लावायची परवानगी नसते."

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. हे वेड आलं कुठून, असं तुम्ही विचारता. या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: सापाची भीती वाटणं हे मूळ, आणि आवड वाटणं हा काहीतरी बिघाड. मला ते तसं वाटत नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग केले होते. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना साप दाखवला तर ती फारशी घाबरत नव्हती. पण जंगलात वाढलेली माकडं सापाला घाबरताना त्यांनी पाहिली, आणि मग तीही घाबरायला लागली. तेही लगेच. फुलांना घाबरणारं माकड दाखवलं तेव्हा मात्र अशी भीती लागली नाही. म्हणजे सापाकडे लक्ष चटकन जावं अशी काहीतरी सोय आपल्यात आहे, पण त्या लक्षाचं पुढे काय व्हायचं ते बरंचसं आजूबाजूच्यांचे चेहरे बघून ठरतं. तुमच्या लेकीने अकराव्या वर्षी पार्किंगमध्ये पहिल्यांदा एक न घाबरलेला चेहरा पाहिला. तुम्हाला लहानपणी असा चेहरा कदाचित कधीच दिसला नसेल. यात तुमची चूक नाही आणि तिचीही नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर जीव लावणाऱ्या माणसांना "पहिल्यांदा कधी?" असं विचारून बघा. बहुतेकांकडे एक ठरावीक क्षण असतो, आणि तो त्यांना हवामानासकट आठवतो. कुणाला वारुळाजवळ अख्खी कात सापडलेली असते, डोळ्यांवरच्या खवल्यांसकट. कुणी पहिल्यांदा साप हातात घेतलेला असतो आणि तो बुळबुळीत नसून कोरडा, गार, रेशमासारखा निघालेला असतो. ज्याला तोवर सगळ्यांनी किळसवाणं म्हटलं होतं ते तसं नाही, हे स्वतःच्या हाताने कळणं ही लहान मुलासाठी फार मोठी गोष्ट असते. मोठ्या माणसांचंही चुकतं हे त्या दिवशी कळतं. माझा क्षण शुक्रवार पेठेतल्या वाड्यातला आहे. ट्यूबलाइटमागच्या पालीवर मांजराने झडप घातली आणि शेपूट शहाबादी फरशीवर एकटंच वळवळत राहिलं. आजी म्हणाली, "बघ, शेपूट देऊन जीव वाचवला तिने." पुढे कितीतरी दिवस रोज संध्याकाळी मी त्या पालीचं शेपूट वाढलं का ते बघत होते. पाल चुकचुकली की जमिनीवर बोटं टकटक करणारी आजीही तीच. भीती, श्रद्धा आणि कुतूहल, तिन्ही तिच्या एकाच पदराला बांधलेली होती.

आपल्या पुण्यातलंच उदाहरण बघा. नीलिमकुमार खैरे यांना सापांची ओढ लागली ती मुंबईजवळच्या एका हॉलिडे होमचे व्यवस्थापक असताना. तिथे विषारी साप वारंवार निघायचे. मारण्याऐवजी ते पकडून सह्याद्रीत सोडायला ते शिकले. १९८० मध्ये ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. (तो ७२ तासांचा प्रयोग लेकीला जरूर सांगा, पण अनुकरण करण्यासारखा म्हणून नको.) दुसरे रोम्युलस व्हिटेकर. त्यांचं लहानपण अमेरिकेत, दगड उलथून साप शोधण्यात गेलं. साप घरी आणला तेव्हा आई किंचाळली नाही. तिने कौतुक केलं, सापांचं पुस्तक आणून दिलं. पुढे भारतात त्यांनी मद्रासचं सर्पोद्यान उभारलं, १९७६ मध्ये मगरींसाठी केंद्र काढलं, आणि साप पकडण्यात वाकबगार असलेल्या इरुळा लोकांची १९७८ मध्ये सहकारी संस्था उभी राहायला हातभार लावला. त्या संस्थेने काढलेल्या विषापासून आजही सर्पदंशावरची लस बनते. एक लहानपणी या वाटेला लागला, दुसरा नोकरीत असताना. दोघांचीही सुरुवात दुकानात झाली नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: लेकीला विचारा, पण "का?" असं नको. "का" म्हटलं की मुलं बचाव करायला लागतात. "त्या धामणीला हात लावलास तेव्हा कसं वाटलं, सांग ना," असं विचारा आणि तिला बोलू द्या. उत्तर नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर ठरेल. ती खवल्यांबद्दल, रंगांबद्दल, चालीबद्दल बोलत असेल तर तिला चित्रकलेची वही आणि जरा बरा कॅमेरा मिळाला की तिची भूक भागेल. "सगळे मारायलाच धावतात त्याला," असं म्हणाली तर ती कणव आहे, आणि त्या कणवेला काम द्यावं लागेल. "सगळे मागे सरकले, मी एकटीच पुढे गेले," असं डोळे चमकवत म्हणाली, तर मात्र जरा सावध व्हा. शूर दिसण्याचा तो आनंद खरा असतो, पण मोबाइलसमोर नाग खेळवणारे तरुण नेमके त्याच आनंदाच्या मागे लागतात, आणि त्यातले काही जिवानिशी जातात. आणि समजा ती म्हणाली, "तो काही बोलत नाही, म्हणून मला बरं वाटतं त्याच्याजवळ," तर साप क्षणभर विसरा आणि तिचे दिवस कसे चाललेत, शाळेत जवळचं कोण आहे, ते बघा.

आता जरा अवघड बोलते. "आमच्या घरात असलं कधीच काही नव्हतं," असं तुम्ही लिहिलंत. पत्राच्या शेवटच्या पानावर मात्र, जाता जाता, तुम्हीच लिहिलंय की ती पाच-सहा वर्षांची असताना वास्तूला चांगली म्हणून काचेच्या भांड्यात दोन छोटी कासवं होती, मोठी होऊन वास मारायला लागली तेव्हा "तळ्यात सोडून दिली". ते वाचून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कानामागे लाल पट्टा असलेली ती हिरवी कासवं बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या परिसरातली असणार. बाजारात ती रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी असताना विकतात. वाढून ती ताटलीएवढी होतात आणि वीस-तीस वर्षं जगतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्यांचं नाव आहे, कारण सोडली त्या तळ्यात ती आपल्याकडच्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतात. तुम्ही हे जाणून केलं नाहीत. पुण्यातल्या कितीतरी घरांनी हेच केलंय, आणि कुणी सांगितल्याशिवाय कळणार तरी कसं? पण सरपटणारा प्राणी तुमच्या घरात आधीच येऊन गेलाय, ताई. लेकीची पहिली ओढ पार्किंगमधल्या धामणीपेक्षा जुनी असू शकते. आणि प्राणी आणावा, मोठा झाला की सोडावा, हेही ती त्या काचेच्या भांड्याजवळच शिकली असेल. "दोन दिवसांत सोडणार होते" हे तिचं वाक्य त्या आठवणीशेजारी ठेवून पाहा. तिच्याशी एकदा त्या कासवांबद्दल बोला. "तेव्हा आमचं चुकलं," हे आईच्या तोंडून ऐकलं तर पुढचे सगळे नियम तिला जाच वाटणार नाहीत.

नियम तर हवेतच. आपल्याकडचे साप, घोरपडी, कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. त्यांना पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे, दोन दिवस असो की दोन वर्षं. काही दुकानांत गुपचूप मिळणारं चांदणी कासवसुद्धा यातच आलं. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. पण मुलीला कायद्यापेक्षा कवड्याची बाजू सांगा, ती लवकर पटेल. कवड्या रात्री भिंतीवरून पालींमागे फिरतो, घरात येतो तोच पालींसाठी. बुटांच्या खोक्यात त्याला ना भिंत, ना पाल, ना रात्र.

राहता राहिला बॉल पायथन. तुमच्या यजमानांचा हेतू चांगला आहे, निदान लपवाछपवी तरी नको म्हणून. तरी मला हा मार्ग पसंत नाही, आणि त्याला परीक्षेच्या गुणांना बांधणं तर मुळीच नाही. टक्के कमी पडले तर लेकीला तिची आवडच चुकीची वाटेल. जास्त पडले तर एक जिवंत प्राणी बक्षीस म्हणून घरात येईल, आणि बक्षिसाचं अप्रूप चार महिन्यांत ओसरतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा साप पाळलेल्या स्थितीत वीस ते तीस वर्षं जगतो. लेक बारावीनंतर शिकायला बाहेरगावी गेली, तर त्याला उंदीर कोण भरवणार? तुम्ही, जिला पालीची भीती वाटते. ते गोठवलेले उंदीर कुठे ठेवणार? सासूबाईंच्या फ्रीजमध्ये. त्याला पिंजऱ्याच्या एका टोकाला तीस-बत्तीस अंशांची ऊब बारा महिने लागते, आणि पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. कधीकधी तो महिनोन्‌महिने खात नाही, तेव्हा आजारी आहे की नुसताच उपाशी, हे सांगणारा पशुवैद्य सहज मिळत नाही. शिवाय २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, तो कुणाला दिला किंवा मेला तर तेही कळवावं लागतं. बिनकागदाचा प्राणी देणाऱ्या दुकानात पाऊल टाकू नका.

परदेशी साप पाळणारे सगळे वाईट, असं मी म्हणणार नाही. प्रेमाने, अभ्यास करून पाळणारी माणसंही आहेत. पण तो निर्णय स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर कागद करून घेणाऱ्या सज्ञान माणसाचा आहे. लेकीला सांगा, "अठरा पूर्ण झाल्यावर परत बोलू." आणि तेव्हा खरंच बोला.

तोवर पाच वर्षं आहेत आणि ती रिकामी ठेवता येणार नाहीत. नुसतं "नाही" म्हटलं तर दुसरं खोकं तयार होईल, आणि ते माळ्याहून अवघड जागी असेल. कात्रज तुम्हाला दोन पावलांवर आहे. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. तिथे एकदाच जाऊन सगळं बघून येण्यापेक्षा एकाच सापाच्या काचेसमोर अर्धा तास बसू द्या तिला, पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच सापासमोर. तळजाईच्या टेकडीवर सकाळी उन्हाला आलेले सरडे आणि सापसुरळ्या मोजून वहीत लिहायला सांगा: तारीख, वेळ, ऊन की ढग. घराच्या व्हरांड्यातल्या पालींची वेगळी वही. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. या विषयात शिकून पोटापाण्याला लागता येतं, हे तिला आणि तिच्या बाबांनाही कळायला हवं. वनखात्याबरोबर काम करणारा एखादा जबाबदार सर्पमित्र शोधा, जो मुलांना साप हातात देत नाही. पार्किंगमधल्या त्या भल्या माणसाने मुलांची भीती घालवली, हे खरं. पण हात न लावता ती घालवणारा अधिक चांगला गुरू.

घरासाठी चार गोष्टी पक्क्या करा. साप दिसला तर कुणीही पकडायचा नाही, लांबून त्याच्यावर नजर ठेवायची आणि १९२६ ला फोन करायचा. रात्री बाहेर पडताना विजेरी आणि बंद बूट. आणि चावलाच तर घट्ट बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता, वेळ लक्षात ठेवून सरळ ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारी लस तिथे मिळते, मांत्रिकाकडे नाही. ही तालीम लेकीकडूनच घ्या, तिने सगळ्या घराला शिकवू दे.

सासूबाईंशी वाद घालू नका. शांत करायची की नाही ते तुमच्या घराचं बघा, मी त्यात पडणार नाही, फक्त लेकीच्या कानावर "दोष" हा शब्द पडू देऊ नका. त्यापेक्षा दोघींना एकत्र बसवा. नागपंचमीला चिरायचं का नाही, तळायचं का नाही, जमीन का खणायची नाही, रात्री "साप" न म्हणता "लांबडं" का म्हणायचं, हे तिला आजीकडून ऐकू द्या. पावसाने बिळं भरली की साप वर येतात, नेमक्या त्याच दिवसांत नांगर आणि कुदळ बाजूला ठेवायला सांगणारी ही रीत आहे. सिंहगड चढताना प्रत्येक पुणेकर पोराला तानाजीची यशवंती घोरपड सांगितली जाते. इतिहास तिची ग्वाही देत नाही, पण आपण एका घोरपडीला नाव दिलं आणि ते अजून विसरलेलो नाही. आजी आणि नात दिसतात तितक्या लांब नाहीत.

आणि तुमची भीती? ती घालवायलाच हवी असं कुणी सांगितलं? लेकीने वहीत काढलेलं सापाचं चित्र बघता आलं तरी या महिन्यापुरतं पुष्कळ झालं. पुढे जमलं तर काचेपलीकडचा साप, तुम्हाला सोसवेल तेवढ्या अंतरावरून. फक्त तिच्यादेखत किंचाळू नका. भीती वाटते हे तिला शब्दांत सांगा. मुलांना आईची भीती समजते, किंचाळण्याने मात्र ती आपली आवड लपवायला शिकतात.

एक बेत सुचवते, याच मे महिन्यासाठी. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. पावसाआधीच्या उन्हात तिथे दगडादगडावर सरडे चढून बसतात आणि गळ्याखालचा पंखा उघडतात, निळा, काळा, केशरी. मादीला बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नराला बजावण्यासाठी. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांची वेगळी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवली आणि तिचं शास्त्रीय नाव आपल्याच शब्दावरून ठेवलं: सरडा. सगळं जग आता त्यांना मराठी नावाने ओळखतं. पहाटे निघा, दोघीच. टोपी, पाणी आणि बसायला सतरंजी घ्या, दगड उलथू नका, पाठलाग करू नका, तीस-चाळीस फुटांवर बसून राहा. एवढं अंतर तुम्हालाही सोसवेल. दुर्बीण मात्र एकच न्या, म्हणजे ती एकमेकींच्या हातात द्यावी लागेल.